कागदाचं इंजिन

मामाजी,

तुम्ही होते तेव्हा मी तुमच्याशी कधी सरळ बोलले नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा आत्याबाईंनी सासू म्हणून एकदाच सांगितलं होतं, सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि समोरासमोर बोलायचं नाही. मी मुळातच कमी बोलणारी, मला त्याचं ओझं वाटलं नाही. तुम्हाला चहा हवा असला की तुम्ही अंगणातल्या कडुनिंबाला सांगायचे, "आज चहा होते का नाही कोणास ठाऊक." मी आतून बशी वाजवायची. म्हणजे होतो आहे. अशी आपली वर्षं गेली. आत्याबाई गेल्या तरी ती रीत तशीच राहिली. मोडायची तर कोणीतरी आधी मोडायला हवी होती, आणि आपल्या दोघांपैकी तसं कोणी नव्हतं.

आता तुम्ही नाहीत म्हणून सरळ बोलते. तुमचा मुलगा हिंगण्याला ड्यूटीवर गेला आहे. हे कोणी वाचणार नाही. गाडीचं काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे आणि ते सांगण्यासारखं दुसरं माणूस मला नाही.

अंगणातली टिनाची शेड रिकामी आहे. खाली फरशीवर तेलाचा काळा डाग तेवढा राहिला. सकाळी झाडताना माझा झाडू त्या डागाला वळसा घालून जातो. गाडी तिथं नाही हे हाताला अजून कळलेलं नाही.

मी आले तेव्हा ती गाडी तुमच्या सेठच्या दारात असायची. लकडगंजच्या त्याच्या लाकडाच्या टालीवर ड्रायव्हर म्हणून तुम्ही उभी हयात तिचं स्टेअरिंग धरलं. सेठनं नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी अँबेसेडर तुम्हाला देऊन टाकली. तुम्ही ती आणली त्या दिवशी आत्याबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता आणि मग चपला हातात घेऊन समोरच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. समोरची सीट सलग, बाकासारखी. तुम्ही आणि आत्याबाई समोर, आम्ही मागं. त्या गेल्यावर तुम्ही त्यांच्या जागेवर एक टॉवेल अंथरून ठेवला. तिथं मग कोणी बसलं नाही. तुमचा मुलगासुद्धा मागंच बसायचा, माझ्या बाजूला.

मागच्या सीटवरून रस्ता दिसत नाही, मामाजी. खिडकीतून झाडं, घरं, माणसं मागं जाताना दिसतात. पुढं किती उरलं ते समोर बसणाऱ्यालाच दिसतं. त्या दिवशी मला हे फार जाणवलं होतं.

त्या दिवसाबद्दल आपण कधी काही म्हटलं नाही, म्हणून आज आधी तेच लिहिते. पवनीकडून माझ्या भावाचा सकाळी फोन आला, आईचं काही खरं नाही, लगेच या. तुम्ही तोंडही न धुता गाडी काढली. मौदा ओलांडलं आणि बोनेटमधून वाफ यायला लागली. तुम्ही धाब्यावरून डब्यात पाणी आणून ओतलं, गाडी थंड व्हायची वाट पाहिली, थोडं गेलो, पुन्हा वाफ. यांनी म्हटलं, आपण दोघं बसनं पुढं जातो, बाबा. तेवढ्यात बस आली ती दारात लटकलेल्या माणसांची, थांबलीच नाही. तुम्ही फडक्यानं झाकण फिरवत होते आणि तुमचा हात भाजत होता. मी मागं बसून होते. मला समोरचं काही दिसत नव्हतं, फक्त उघड्या बोनेटची पांढरी पाठ.

आम्ही पोहोचलो तेव्हा आईला नेलं होतं. ती ठेवली होती ती जागा सारवून झाली होती आणि तिथं पिठावर दिवा लावला होता. माझ्या वहिनीनं मला धरलं. मी रडले, मग दारातून बाहेर पाहिलं तर तुम्ही गाडीजवळ उभे होते, बोनेटवर हात ठेवून. कोणी पाणी दिलं ते तुम्ही घेतलं नाही. परत आल्यावर कित्येक दिवस तुम्ही कडुनिंबालाही काही सांगितलं नाही.

मला तुमचा राग आला नव्हता. एवढंच सांगायचं होतं. इतकं सोपं वाक्य, पण ते कडुनिंबाला सांगून तुमच्यापर्यंत पोहोचण्यासारखं नव्हतं, आणि दुसरा रस्ता मला माहीत नव्हता. तुम्ही तुमच्या रस्त्यानं गेले. तुम्ही इंजिन बदलायचं मनात घेतलं.

कामठी रोडवर गॅरेज असलेले तुमचे जुने मित्र रशीदभाई घरी आले आणि तुम्ही दोघं शेडमध्ये खाटेवर बसून बोलत राहिले ते मी दाराआडून ऐकलं. रशीदभाईंकडे एका नव्या मालवाहू गाडीचं इंजिन आलं होतं. गाडी मागून चेपली होती, इंजिनाला ओरखडा नव्हता. डिझेलवर चालणारं, गरम न होणारं, घाटातही दम न लागणारं. रशीदभाई हसून म्हणाले, "बुढीले जवानाचं काळीज बसवून राहिला का बे?" तुम्ही म्हटलं, "बुढी नाही थांबली पाहिजे रस्त्यात. बाकी मले काही नको."

तुमच्या मुलाला ते पटलं नाही. गाडीचं वय झालं, कागद संपत आले, नवं इंजिन टाकायचं तर आरटीओची परवानगी लागते, कशाला हा कुटाणा. तुम्ही म्हणत राहिले की परवानगी मिळते, नियमात बसते, लोक करतात. मग तुम्हाला काचबिंदू झाला. डोळे हळूहळू विझत गेले, आणि यांना वाटलं आता तरी हे वेड जाईल. उजेड आणि सावली एवढंच तुम्हाला कळायचं. तरी तुम्ही सकाळी उठून शेडमध्ये जायचे आणि गाडीच्या अंगावरून हात फिरवायचे, गाईवरून फिरवतात तसा.

रशीदभाईंनी लोखंडी घोडी आणि साखळी आणून जुनं इंजिन उचललं, ते आपल्या गॅरेजमध्ये नेऊन ताडपत्रीखाली ठेवलं. गाडीच्या पोटात मोठा खड्डा पडला. त्यातून खालची फरशी दिसत होती. तुम्ही त्यात हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही.

नवं इंजिन आणण्याआधी तुम्हाला एकच गोष्ट पाहिजे होती. ते या खड्ड्यात बसेल की नाही, कुठं अडेल, काय कापावं लागेल, हे आधी कळायला हवं. खरं इंजिन आणून पुन्हा पुन्हा चढवून उतरवून पाहणं आपल्या गल्लीत होणार नव्हतं. मापं घ्यायची तर डोळे पाहिजेत, आणि तुमचा मुलगा शिफ्टवर. एक दिवस तुम्ही बोनेटला म्हटलं, "टेपचं दुसरं टोक कोणी धरते का?"

मी पदर सारखा केला, बाहेर आले आणि धरलं.

तेव्हापासून आपलं बोलणं सुरू झालं. तुम्ही गाडीच्या एका अंगाला, मी दुसऱ्या. तुम्ही बोनेटला सांगायचे, जाळीपासून मधल्या पत्र्यापर्यंत. मी टेप वाचून कडुनिंबाला सांगायची, इतके इंच आणि वर दोन रेघा. तुम्ही मान हलवायचे आणि आकडा तुमच्या डोक्यात जाऊन बसायचा, तुम्हाला लिहावं लागत नव्हतं. मधला पत्रा म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, इंजिनाची बाजू आणि माणसांची बाजू यांच्यामधली भिंत. आपल्या दोघांत या जन्मात जे बोलणं झालं, त्यातलं निम्मं इंचांत झालं असेल.

कागदाची कल्पना तुमची. मी रद्दी भिजत घालून, मेथ्या वाटून, उखळात कुटून टोपल्या करायची, आईनं शिकवल्या तशा. स्वयंपाकघरात कांदे ठेवायची एक होती. तुम्ही ती चाचपून पाहिली, बोटानं वाजवली, आणि कांद्यांना विचारलं, "असं इंजिन बनते का कोणाच्यानं?"

आपण ऑटोनं कामठी रोडला गेलो. रशीदभाईंनी मला पाहिलं आणि गॅरेजमधल्या सगळ्या माणसांना चहाला पिटाळलं. मी त्यांचे कधी आभार मानले नाहीत. मी त्या इंजिनावर दोन्ही हात ठेवले. थंडगार होतं, जनावर मेल्यावर होतं तसं. मग मापं घेतली, तुम्ही सांगत गेले तशी. नखांत गेलेलं काळं तेल पुढं कणकेलाही वास देत राहिलं. तुम्ही जेवताना पोळी नाकाशी नेली आणि हसले, मी पाहिलं.

मग घरभर रद्दी झाली. खालच्या तेलाच्या टाकीसाठी मी चौकोनी डबा उपडा केला आणि त्यावर लगदा थापला. पुढच्या, पट्टा फिरवणाऱ्या चाकांसाठी जर्मनच्या डब्यांची झाकणं, मधल्या धडासाठी जुनी पेटी. तुकडे करून गच्चीवर वाळत घातले, कुरडयांच्या शेजारी. शेजारच्या कमलाबाई त्यांच्या गच्चीवरून म्हणाल्या, "काय वं, औंदा इंजिनाचे पापड करून राहिली का?" मी खाली पळून आले. त्या पुढं रोज विचारायच्या, आज कार्बोरेटर वाळला का म्हणून. या नव्या इंजिनात कार्बोरेटर नसतो हे मला तुमच्यामुळं माहीत होतं, पण मी काही म्हटलं नाही.

वाळलेले तुकडे सुतळीनं बांधून आपण ते इंजिन गाडीत उतरवलं. दोघांनी उचललं, इतकं हलकं. तुम्ही कडेकडेनं हात फिरवत विचारत होते, "लागते का कुठं?" मी पाहून सांगायची, "नाही लागत." पंख्याजवळ? नाही लागत. पत्र्याजवळ? नाही लागत. तुम्ही बोनेट खाली केलं. ते अलगद बसलं. तुम्ही त्यावर दोन थापा मारल्या, ड्रायव्हर लोक गाडी सुटताना मारतात तशा. मी न सांगता शिरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पुन्हा बोनेट उघडून उभे होते. बोटं फटीत घालून पाहत होते, पुन्हा वीत लावून पाहत होते. तुमचं तोंड उतरलं. मग तुम्ही गाडीला म्हणाले, "हे इंजिन उपाशी राहिलं वाटते."

ते आटलं होतं, मामाजी. ओला लगदा वाळला की आटतो, हे मला लहानपणापासून माहीत. पण टोपली कुठं बसवायची नसते. थोडी लहान झाली तर कांदे थोडे कमी मावतात, कोण मोजतं. माप घेतलं ते ओल्याचं, आणि वाळल्यावर पुन्हा टेप लावायचं आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. पण तुम्ही हसायला लागले. भिंतीला टेकून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मला पण हसू आलं, पदरात तोंड घालून हसले तरी आवाज आलाच. तुम्ही थांबून कान दिला. तुमच्यासमोर मी त्याआधी कधी हसले नव्हते.

दुसरं इंजिन मी बांबूच्या कमट्यांवर केलं, म्हणजे आटायला जागा उरली नाही. थर द्यायचा, वाळू द्यायचा, तुम्ही वीत लावून पाहायचं, मग पुढचा थर. ते बरोबर झालं. ते उतरवलं आणि ते मावलं नाही. लांबीला चार बोटं जास्त होत होतं.

तिथं आपलं भांडण झालं. आपल्या दोघांचं एकच भांडण, आणि तेही अर्धं राहिलं.

दोन रस्ते होते. मधला पत्रा कापून इंजिन मागं सरकवायचं, म्हणजे समोर डाव्या बाजूला बसणाऱ्याच्या पायाची जागा जाणार. नाहीतर पुढची पट्टी कापायची, रेडिएटर पुढं घ्यायचा, जाळी बदलायची. तुम्ही पत्रा कापायचं म्हणत होते. पुढून कापलं तर गाडीचं तोंड बिघडेल. ते तोंड तुम्हाला फार आवडायचं. दिसत नव्हतं तरी तुम्ही रोज सकाळी आधी जाळी पुसायचे, मग बाकीचं.

मी त्या दिवशी आकडा सोडून पहिल्यांदा काही बोलले. कडुनिंबाला म्हटलं, "मधला पत्रा कापू नये."

तुम्ही थांबले. मग स्टेअरिंगला विचारलं, "काहून?"

मी टेप आत ओढायला लागले.

"समोर बसते कोण आता? जी बसत होती ते गेली."

तुम्ही चिडून नव्हते बोलले. तुम्हाला खरंच कळत नव्हतं. आणि मी काय सांगणार होते? मला एकदा समोर बसायचं आहे, असं? आत्याबाईंच्या जागेवर, तुमच्या बाजूला, सुनेनं? रस्ता पुढून येताना पाहायचा आहे, किती उरलं ते मला माझ्या डोळ्यांनी दिसू द्या, असं? मी टेप गुंडाळून आत गेले. तुम्ही खूप वेळ शेडमध्ये बसून राहिले. पुढं काही दिवस टेपचं दुसरं टोक कोणी धरतं का, असं बोनेटला कोणी विचारलं नाही. मी कान देऊन होते. चहाचं मात्र तुम्ही कडुनिंबाला विचारायचे.

मग तो उन्हाळा. कूलर गरम हवा फेकत होता. तुम्ही कोणाला न सांगता भर दुपारी ऑटो करून रशीदभाईंकडे गेले आणि आले ते तापानं फणफणत. ऊन लागलं होतं. कांद्याचा रस लावला, पन्हं दिलं, मग दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले हृदयावर ताण आला आहे.

दवाखान्यातलं मला एकच लिहायचं आहे. यांना खाली औषध आणायला पाठवलं होतं. मी पलंगाजवळ स्टुलावर, डोक्यावर पदर. शेजारच्या पलंगावरचे लोक, त्यांचे पाहुणे, नर्स. तुम्ही मध्येच हात उचलले आणि पलंगाच्या कठड्यावर वीत लावली, एक, मग दुसरी. मग हलक्या आवाजात विचारलं, "लागते का कुठं?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

इतकी माणसं होती, मला तोंड उघडवलं नाही. आणि तुम्हाला दिसत नाही हे त्या घटकेला माझ्या ध्यानातच आलं नाही. तुम्ही थोडा वेळ कान देऊन राहिले. उत्तराची वाट पाहत होते तुम्ही, मामाजी, ते मला तुमच्या मानेवरून कळत होतं. मग तुम्ही हात खाली ठेवले. हे खालून औषध घेऊन आले. त्यानंतर तुम्ही कोणाला काही विचारलं नाही.

तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलं होतं. सगळे गेले आणि मग गाडीची गोष्ट निघाली. लग्नाच्या वरातीसाठी जुन्या गाड्या भाड्यानं देणारा एक माणूस लकडगंजहून आला. त्याला गाडी जशी होती तशी पाहिजे होती, जुन्याच इंजिनासकट. नवं इंजिन टाकलं तर जुन्या गाडीची शान जाते म्हणाला. रशीदभाईंकडे ताडपत्रीखाली ठेवलेलं इंजिन परत बसवायचं, रंग द्यायचा, फुलं लावायची. त्याच्यासोबतच्या मेकॅनिकनं बोनेट उघडलं आणि खो खो हसला. "हे काय बाप्पा, गणपतीच्या झाकीतलं इंजिन आहे का?"

मी दाराआड होते. रशीदभाई पण तिथं होते. ते खाटेवरून उठले आणि बोनेटजवळ जाऊन म्हणाले, "हसू नको. या घरचा नकाशा आहे तो." मग त्यांनी ते एकट्यानं उचलून काढलं आणि दाराशी आणून ठेवलं, माझ्याकडं न पाहता. त्याला अजून मेथीचा वास येतो.

त्या दिवशी संध्याकाळी तुमचा मुलगा जेवायला बसला तेव्हा मी म्हटलं, "गाडी विकू नका."

यांचा घास हातातच राहिला. मी यांच्याशीही अशी कधी बोलत नाही. मी म्हटलं, मामाजींनी इतकं केलं आहे, मापं झाली आहेत, रशीदभाई आहेत, इंजिन त्यांच्याकडेच पडलं आहे. एका दमात इतकं बोलले की मला धाप लागली.

हे म्हणाले, "चालवणार कोण?"

यांना शिकायचं नाही. रशीदभाईंचे हात आता थरथरतात. कागदांची मुदत संपली. गल्लीतले लोक जागेसाठी कुरकुरतात. हे सगळं त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता. मग ताटाकडं पाहत म्हणाले, "तुले वाटते मले बाबाचं मन समजत नाही. मी ड्यूटीवरून येतो अन् शेडकडं पाहतो, तर बाबा बोनेटवर हात ठेवून उभे दिसतात. पवनीले उभे होते तसे. रोज दिसतात. मी काय करू, सांग."

म्हणजे त्यांनाही तो दिवस तसाच दिसतो. या घरात तीन माणसं इतकी वर्षं एकाच दिवसाकडं पाहत होती आणि कोणी कोणाला सांगितलं नाही. मी त्यांना आणखी एक पोळी वाढली. गाडी जाणार हे तेव्हाच मला कळलं.

न्यायच्या दिवशी सकाळी रशीदभाई लवकर आले. गाडीला दोर बांधून एका जीपनं ओढत त्यांच्या गॅरेजपर्यंत न्यायचं होतं. हे जीपवाल्याशी बोलत होते. रशीदभाई गाडीचं बोनेट लावत होते. मी शेडच्या खांबाजवळ उभी होते. ते माझ्याकडं पाठ करून, गाडीलाच म्हणाले. इतक्या वर्षांत तेही तुमची रीत शिकले होते.

"त्या दुपारी आला होता माझ्याकडं. उन्हात. म्हणे, रशीद, पत्रा कापू नको. पुढून काप. मी म्हटलं, अबे, तोंड बिघडते म्हणून तूच तर रडत होता. तर म्हणे, तोंड बाहेरचे पाहतात. बसायचं घरच्याले आहे."

एवढं बोलून ते दोराची गाठ पाहायला पुढं गेले.

मी खांब धरून उभी राहिले. म्हणजे त्या दुपारी तुम्ही त्यासाठी गेले होते. भर उन्हात, एवढं एक वाक्य सांगायला. फोनवर सांगता आलं असतं ना, मामाजी. नाहीतर मला सांगायचं होतं. बोनेटला सांगितलं असतं तरी मी ऐकत होते. मी तिथंच भिंतीपलीकडं भाजी चिरत होते. मी का म्हणत होते ते तुम्हाला कळलं होतं, की नुसतं सुनेनं म्हटलं म्हणून तुम्ही ऐकलं, हे आता मला कोण सांगेल? मी त्यावर पुष्कळ विचार केला. कधी वाटतं कळलं होतं. कधी वाटतं, नसेल कळलं आणि तरी ऐकलं, तर ते जास्त आहे.

जीप सुरू झाली. हे जीपमध्ये बसले, रस्ता दाखवायला. रशीदभाई स्टेअरिंगवर. गाडी गल्लीतून हलायला लागली तेव्हा मी पुढं गेले. मी हे कसं केलं माहीत नाही. चालत्या गाडीचा समोरचा डावा दरवाजा धरला. रशीदभाईंनी ब्रेक दाबला. पुढं हे ओरडले, काय झालं म्हणून. रशीदभाईंनी खिडकीतून हात काढून थांबा अशी खूण केली आणि बसून राहिले, समोर पाहत. मी चपला काढून हातात घेतल्या. तुमचा टॉवेल घडी करून मांडीवर ठेवला आणि बसले.

गाडीला आवाज नव्हता. इंजिनच नव्हतं. दगडावरून जाताना फक्त स्प्रिंगा कुरकुरत होत्या. समोर मोठी काच, आणि तिच्यात सगळी गल्ली माझ्याकडं येत होती. कमलाबाईंची गच्ची, पिठाची चक्की, हातपंप, सगळं आधी लांब दिसायचं, मग जवळ यायचं, मग बाजूनं जायचं. वळण येण्याआधी वळण दिसत होतं. मोठा रस्ता किती उरला ते दिसत होतं. फार थोडा उरला होता.

मी पाय लांब केले. पूर्ण लांब. खाली मधल्या पत्र्यापर्यंत माझे पाय गेले नाहीत, पुढं आणखी जागा उरली होती. तिथं तुम्ही कापू दिलं नव्हतं.

मग मी मोठ्यानं म्हटलं. रशीदभाई बाजूला होते, खिडक्या उघड्या होत्या, चक्कीवर बायका दळण घेऊन उभ्या होत्या, आणि माझा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता.

"नाही लागत, मामाजी. कुठंच नाही लागत."

रशीदभाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. कोपऱ्यावर गाडी थांबली, मी उतरले, दरवाजा लावला, आणि बोनेटवर दोन थापा मारल्या.